बीथोव्हनच्या वह्यांचा फेरफार

२०१५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका घरातल्या जुन्या चीजवस्तूंची किंमत ठरवायचं काम चाललं होतं. भिंतीवर काच लावून टांगलेला एक कागद होता. त्यावर रेघांच्या पट्ट्या, घाईघाईत मारलेल्या शाईच्या खुणा आणि भरपूर खाडाखोड. किंमत करायला आलेल्या माणसाला संगीताची जाण होती, म्हणून तो कागद रद्दीत गेला नाही. निघाला तो लुडविग व्हान बीथोव्हनच्या हातचा. ‘किंग स्टीफन’ या नाटकासाठी १८११ मध्ये त्याने संगीत केलं होतं, त्याचा कच्चा खर्डा. लिलावात त्या एका पानाला एक लाख डॉलर आले.

अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात आणि आकड्यावर संपतात. वाचणाऱ्याच्या मनात मात्र साधे प्रश्न राहून जातात. सही नाही, तारीख नाही, मग हे त्याचंच पान कशावरून? व्हिएन्नात लिहिलेला कागद अमेरिकेतल्या भिंतीवर पोहोचला कसा? मधल्या दोनशे वर्षांत तो कुणाकुणाकडे होता, आणि ते शोधून काय मिळतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक समजतात त्यापेक्षा बरंच मोठं आहे, असं मला वाटतं. कागद कुणाकुणाच्या हातातून गेला हे कळल्याशिवाय त्यावरचं संगीत पुरतं वाचताच येत नाही.

आधी हे खर्डे म्हणजे काय ते पाहू

आपल्याकडे बंदिश गळ्यातून गळ्यात जाते. युरोपातल्या संगीतकाराला मात्र प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर उतरवून द्यावा लागे, कारण वाजवणारे तेच वाचून वाजवत. बीथोव्हन ही पक्की प्रत लिहिण्याआधी कच्चं काम करायचा, आणि ते अफाट असायचं. एखादी सुरावट सुचली की लिहायची, मोडायची, पुन्हा वेगळी करायची. कधी एकाच चार-आठ मात्रांच्या तुकड्याची वीस रूपं सलग सापडतात.

१७९८ पर्यंत हे काम तो सुट्या कागदांवर करत होता. त्यानंतर वह्या वापरू लागला. मेजावर ठेवायच्या मोठ्या वह्या, त्यात शाईने लिहिलेलं. पुढे कोटाच्या खिशात मावतील अशा छोट्या वह्याही आल्या, त्यात शिसपेन्सिलीने, फिरायला गेल्यावर सुचलेलं. बीथोव्हन घरं बदलण्यात कुख्यात होता. व्हिएन्नात त्याने कितीतरी बिऱ्हाडं केली, सामान हरवलं, भांडणं झाली, पण या वह्या त्याने जन्मभर सोबत वागवल्या. छापून झालेल्या रचनांच्या पक्क्या प्रतींबद्दल तो निष्काळजी असे, कच्च्या वह्यांबद्दल नाही.

या वह्यांत तो तारखा जवळजवळ कधीच टाकत नसे. त्यामुळे कुठली कल्पना आधीची, कुठली नंतरची हे ठरवायचा मुख्य आधार एकच उरतो: पानांचा क्रम. आणि नेमका तोच पुढे उधळला गेला.

१८२७ चा नोव्हेंबर

बीथोव्हन २६ मार्च १८२७ रोजी गेला. वारस एकच, पुतण्या कार्ल. त्याचा पालक नेमलेला श्टेफान फॉन ब्रॉयनिंग हा बीथोव्हनचा बालमित्रही जूनमध्ये वारला. घरातले कागद विकून वारसाला पैसे द्यायचे असं ठरलं आणि ५ नोव्हेंबरला व्हिएन्नात लिलाव झाला.

त्या लिलावाच्या यादीत या वह्या होत्या. कशा? ‘टिपणवही’, पुढची ओळ पुन्हा ‘टिपणवही’. आत कुठल्या रचनेचं काम आहे, पानं किती आहेत, काही नाही. मी त्या कारकुनाला फार दोष देणार नाही. ज्याने लिहिलं त्याच्याशिवाय कुणालाही ते अक्षर धड लागत नव्हतं. बोली बोलणारे बहुतेक संगीत छापणारे आणि विकणारे व्यापारी होते. त्यांना हवं होतं ते न छापलेलं, पूर्ण झालेलं संगीत. खर्डे त्यांच्या लेखी किरकोळ माल होता, आणि भावही तसाच लागला.

सर्वांत मोठा वाटा आर्टारिया या प्रकाशन पेढीने उचलला. तिथून पुढे वह्या विकल्या गेल्या, भेट दिल्या गेल्या, वारसांत वाटल्या गेल्या.

वहीला नाव मालकाचं

या विषयावरचं काहीही वाचायला घेतलं की पहिल्यांदा गोंधळ होतो तो नावांचा. ‘लान्ड्सबेर्ग ६’, ‘ग्रास्निक १’, ‘केस्लर’, ‘आर्टारिया’, ‘मेंडेलसन १५’, ‘व्हिएल्होर्स्की’, ‘दे रोदा’, ‘पेट्टर’. यात बीथोव्हनचं काही दिसतच नाही. ही सगळी नावं त्या वहीच्या कुठल्यातरी जुन्या मालकाची आहेत.

लुडविग लान्ड्सबेर्ग हा रोममध्ये स्थायिक झालेला जर्मन व्हायोलिनवादक. तो १८५८ मध्ये वारल्यावर त्याचा संग्रह बर्लिनच्या राजग्रंथालयाने घेतला. मेंडेलसन म्हणजे संगीतकार फेलिक्स मेंडेलसनचंच घराणं. त्यांच्याकडचा संग्रह १९०८ मध्ये बर्लिनला भेट म्हणून गेला. व्हिएल्होर्स्की हा रशियन सरदार, त्याची वही आज मॉस्कोत आहे. दे रोदा हा स्पॅनिश संगीत-अभ्यासक. ‘काफ्का’ संग्रहातला काफ्का मात्र आपल्या ओळखीचा लेखक नव्हे, हा व्हिएन्नाचा पियानोवादक योहान नेपोमुक काफ्का. त्याने बीथोव्हनच्या तरुणपणच्या सुट्या पानांचा गठ्ठा १८७५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला विकला.

म्हणजे मालकीचा इतिहास नावातच कोरलेला आहे. पण त्यातली एकच पायरी, तीही योगायोगाने टिकलेली. आर्टारियाच्या हातून गेलेल्या सगळ्याच वह्यांना काही आर्टारियाचं नाव मिळालं नाही.

पानं गेली कुठे?

वही एका मालकाकडून दुसऱ्याकडे अख्खी गेली असती तर काम सोपं होतं. व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाच्या संग्रहात असलेली केस्लर वही तशी आहे, ९६ पानं, सगळी जागच्या जागी. पण ती अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे.

बाकीच्यांचं काय झालं ते इग्नाट्स झाउअरच्या उदाहरणावरून कळेल. हा व्हिएन्नाचा विक्रेता. त्याने १८२७ च्या लिलावात एक वही घेतली. आत १८०१ मधलं काम होतं, त्यात ‘मूनलाइट’ या प्रसिद्ध पियानो सोनाटाच्या (एकट्या पियानोसाठीची रचना) शेवटच्या भागाचे खर्डे. झाउअरने हिशेब केला असणार की अख्खी वही घेणारं गिऱ्हाईक एक, पण ‘थोर बीथोव्हनच्या हातचं एक पान’ घेणारी गिऱ्हाइकं पुष्कळ. त्याने पानं सुटी केली आणि एकेक करून विकली. आज त्या वहीला झाउअर वही म्हणतात, पण वही अशी ती कुठेच नाही. ओळखता आलेली पानं वेगवेगळ्या संग्रहांत पडून आहेत.

सगळ्यांनी पैशासाठीच केलं असंही नाही. आठवण म्हणून पान मागायची, द्यायची तेव्हा रीत होती. घरी आलेल्या पाहुण्याला संग्राहक कौतुकाने एक पान काढून देई. काही ठिकाणी तर एकाच पानाचे दोन तुकडे केलेले सापडतात. भक्तीने केलेलं नुकसान भरून काढणं अवघड असतं, कारण त्याची पावती कुणी ठेवत नाही.

मालकीचा माग: सातबारा आणि फेरफार

एखादी वस्तू तयार झाल्यापासून आजवर कुणाकडे, कधी आणि कशी गेली याच्या साखळीला या क्षेत्रात ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. मी पुढे ‘माग’ एवढंच म्हणेन. जमिनीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही कल्पना समजवावी लागत नाही. सातबाऱ्यावर आजचं नाव दिसतं. ते नाव तिथे कसं आलं हे पाहायचं तर मागचे फेरफार काढावे लागतात: ही खरेदी, ही वारसनोंद, हे बक्षीसपत्र, हा पोटहिस्सा. मध्येच एखादा फेरफार सापडला नाही की जाणता माणूस सावध होतो.

बीथोव्हनच्या पानांचं तसंच, फक्त इथे तलाठी कुणीच नव्हता. नोंदी कुणीतरी एका जागी ठेवल्या नाहीत, त्या जागोजागी सांडल्या आहेत. लिलावाच्या जुन्या छापील याद्या. विक्रेत्यांच्या पत्रांतले उल्लेख. मृत्युपत्रं. ग्रंथालयाची आवकवही. आणि खुद्द पानाच्या कडेला मालकाने केलेली नोंद. आलोइस फुक्स नावाचा व्हिएन्नातला सरकारी नोकर त्या काळचा मोठा संग्राहक होता. ‘हे बीथोव्हनचं हस्ताक्षर आहे’ असं तो पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचा. वस्तूवरच असं खरडणं आजच्या ग्रंथपालाला सहन होणार नाही, पण फुक्सचं अक्षर दिसलं की ते पान १८५३ च्या आधी, म्हणजे त्याच्या मृत्यूपूर्वी, व्हिएन्नात त्याच्या हाताखालून गेलं होतं हे पक्कं होतं.

छापील यादीचा उपयोग कसा होतो? जुन्या यादीत लिहिलेलं असतं: आडवं पान, दोन्ही बाजूंना लिहिलेलं, सोळा पट्ट्या, अमुक रचनेचा खर्डा. कधी पहिल्या चार स्वरांचा नमुना छापलेला असतो. आज एखादं पान वर आलं की अभ्यासक अशा शेकडो वर्णनांशी ते ताडून पाहतात. वर्णन जुळलं की साखळीतली एक कडी भरते.

कागदाची साक्ष

नोंदी नसतील तेव्हा? इथे या विषयातलं सर्वांत देखणं काम सुरू होतं. त्याचं श्रेय मुख्यतः तिघांना जातं: डग्लस जॉन्सन, अॅलन टायसन आणि रॉबर्ट विंटर. १९८५ मध्ये त्यांनी मिळून या सगळ्या वह्यांची जुळणी प्रसिद्ध केली. यातले टायसन मुळात मनोविश्लेषक होते, फ्रॉइडच्या लेखनाच्या इंग्रजी अनुवादाच्या कामात होते. तपशिलातल्या बारीकशा विसंगतीवरून लपलेली गोष्ट ताडायची सवय त्यांना तिथलीच असावी, असा माझा आपला अंदाज.

त्यांची पद्धत समजायला त्या काळचा कागद कसा बने ते पाहावं लागतं. तारांच्या जाळीचा एक साचा असे. तो लगद्यात बुडवून वर काढायचा, पाणी गळून गेलं की जाळीवर एक ताव उरतो. जाळीवर कारखान्याचं चिन्ह तारेनेच शिवलेलं असे. तिथे लगदा पातळ बसतो, म्हणून ताव उजेडासमोर धरला की ते चिन्ह दिसतं. नोटेवर असतो तोच वॉटरमार्क.

कारागीर एका वेळी साच्यांची जोडी वापरत, एक लगद्यात, दुसरा रिकामा होत असलेला. दोन्हींवरचं चिन्ह एकच, पण हाताने शिवलेलं असल्यामुळे बारीक फरक राहतो. एखादी तार किंचित वाकलेली, एखादं अक्षर जरा सरकलेलं. म्हणजे नुसतं ‘या कारखान्याचा कागद’ एवढंच कळत नाही, ‘या जोडीतल्या या साच्याचा’ इथपर्यंत जाता येतं.

आता तो ताव घडी घालून कापला की त्याची चार पानं होतात. प्रत्येक पानावर वॉटरमार्कचा एक चतुर्थांश येतो: वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा. वही बांधताना हे भाग ठरावीक क्रमाने बसतात. समजा, वहीत एका तावाची तीनच पानं सापडली. मग चौथं पान फाडलं गेलं हे तर कळतंच, शिवाय त्या चौथ्या पानावर वॉटरमार्कचा कुठला चतुर्थांश असायला हवा, कुठल्या साच्याचा आणि कुठल्या बाजूने, हेही आधीच सांगता येतं. मग जगभरच्या संग्रहांतल्या सुट्या पानांत तेवढंच हुडकायचं.

त्याला जोड बाकीच्या खुणांची. स्वर लिहायच्या पट्ट्या कागदावर यंत्राने आखलेल्या असत. सर्वांत वरच्या रेघेपासून सर्वांत खालच्या रेघेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं तर एका खेपेला आखलेल्या कागदांचं ते सारखं येतं. शिवणीची भोकं असतात, ती शेजारच्या पानाशी जुळावी लागतात. कधी शिवण बाइंडरची असते, कधी स्वतः बीथोव्हनने उरलेसुरले कागद गोळा करून घातलेले ओबडधोबड टाके असतात. आणि शाईचे डाग. हा माणूस शाई वाळायची वाट पाहत नसे, वही मिटायचा. डाग समोरच्या पानावर उलटा उमटायचा. एक पान पॅरिसमध्ये आणि दुसरं बर्लिनमध्ये असलं, तरी डाग आणि त्याचं प्रतिबिंब जुळलं की ती दोन पानं एकेकाळी समोरासमोर होती यात शंका राहत नाही.

शेवटी संगीत. बीथोव्हन एखादा तुकडा पानाच्या टोकाला अर्धवट सोडून पुढे कुठेतरी जोडायचा आणि दोन्ही ठिकाणी खूण करायचा, इथे ‘वि’, तिथे ‘दे’. दोन्ही मिळून एका लॅटिन शब्दाची फोड: ‘पाहा’. ‘वि’ एका संग्रहात आणि ‘दे’ दुसऱ्यात सापडावं, यासारखा आनंद या मंडळींना दुसरा नसेल.

कागद खरा, मालक खोटा

कागदी नोंदीपेक्षा खुद्द कागदावर एवढा भर का, याचं कारण म्हणजे आंटोन शिंडलर. बीथोव्हनच्या अखेरच्या वर्षांतला त्याचा मदतनीस आणि नंतर चरित्रकार. बहिरेपणामुळे लोक बीथोव्हनशी वह्यांवर लिहून बोलत. त्या संवादवह्या बहुतेक शिंडलरच्या हाती लागल्या आणि १८४६ मध्ये त्याने त्या बर्लिनच्या राजग्रंथालयाला दिल्या, बदल्यात पैसे घेतले. संगीताभ्यासकांनी शंभराहून जास्त वर्षं त्यातल्या नोंदी प्रमाण मानल्या. १९७७ मध्ये बर्लिनच्याच संशोधकांनी दाखवून दिलं की शिंडलरने त्यात बीथोव्हनच्या मृत्यूनंतर स्वतःच्या नावचे बरेच संवाद घुसडले आहेत. उस्तादाशी आपली सलगी खूप होती असं दिसावं म्हणून.

मालकीची साखळी इथे निर्दोष होती. बीथोव्हन, मग शिंडलर, मग ग्रंथालय. कागद अस्सल, शाई जुनी. तरीही मधल्या मालकाने ऐवजात भर घातली होती. म्हणून वस्तू कुणाकडे होती एवढं कळून भागत नाही. त्याच्याकडे असताना तिचं काय झालं, त्यात त्याचा स्वार्थ काय होता, हेही विचारावं लागतं.

युद्धात नाहीशी झालेली वही

‘लान्ड्सबेर्ग ६’ या वहीत बीथोव्हनच्या तिसऱ्या, ‘एरोइका’ सिंफनीचं (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) १८०३-०४ मधलं काम आहे. ही सिंफनी म्हणजे युरोपच्या संगीताने घेतलेलं एक मोठं वळण, त्यामुळे वही अनमोल. बर्लिनच्या ग्रंथालयात ती सुरक्षित होती. गुस्ताव नॉटेबोम नावाच्या चिकाटीच्या अभ्यासकाने १८८० मध्ये तिचं वर्णन आणि त्यातले निवडक उतारे छापले होते.

दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा ग्रंथालयाने मौल्यवान हस्तलिखितं पूर्वेकडे सायलेशियात हलवली, आधी एका किल्ल्यात, मग तिथून एका मठात. युद्ध संपलं आणि सीमा सरकल्या. तो मठ आता पोलंडमध्ये होता. पोलिश अधिकाऱ्यांनी पेट्या क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात नेल्या आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तीस वर्षं जगाने ही हस्तलिखितं जळाली असंच धरलं. या काळात ‘एरोइका’वर काम करणाऱ्या प्रत्येकाला नॉटेबोमच्या निवडक उताऱ्यांवर भागवावं लागलं. त्याने जे वगळलं ते वगळलंच.

१९७७ मध्ये पोलंडचे नेते एडवर्ड गिएरेक यांनी पूर्व जर्मनीला काही हस्तलिखितं भेट दिली. त्यात मोत्सार्टची ‘मॅजिक फ्लूट’ होती, बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीचे भाग होते. तेव्हा कळलं की बाकीचं सगळंही शाबूत आहे. एरोइका वही आजही क्राकोत आहे, आणि तिची संपूर्ण छायाप्रत अभ्यासासह छापून यायला २०१३ उजाडलं.

नवव्या सिंफनीची तऱ्हा आणखी निराळी. परत मिळालेला भाग पूर्व बर्लिनमध्ये, दुसरा एक भाग पश्चिम बर्लिनमध्ये आणि मध्ये भिंत. जर्मनी एक झाल्यावर ते भाग एका छताखाली आले. काही थोडी पानं आजही बॉन आणि पॅरिसमध्ये आहेत.

मग कायद्याने मालक कोण?

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे आपली न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. ती नोंद महसुलासाठी असते, हक्काचा वाद वेगळा. क्राकोच्या हस्तलिखितांचं तसंच आहे. जर्मनी म्हणतो, ही आमच्या ग्रंथालयाची मालमत्ता, युद्धात जिवाच्या भीतीने हलवलेली, परत द्या. पोलंडचं म्हणणं, ती आमच्या भूमीवर बेवारस सापडली, आणि तुम्ही वॉर्सातली आमची ग्रंथालयं ठरवून जाळलीत त्याचं काय? १९४४ मध्ये वॉर्सातल्या क्रासिन्स्की ग्रंथालयाची राख झाली ती जर्मन सैन्यामुळेच. या वादात एका बाजूला कागदपत्रं आहेत आणि दुसऱ्या बाजूला जखम आहे. तो अजून मिटलेला नाही. क्राकोतल्या ग्रंथपालांनी संशोधकांना दार उघडं ठेवलं आहे, आणि तूर्त तेवढंच कामाचं आहे.

काही प्रकरणं मात्र स्पष्ट असतात. बीथोव्हनच्या १३० क्रमांकाच्या चौकडीतल्या (दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठीची रचना) चौथ्या भागाचं हस्तलिखित चेकोस्लोव्हाकियातल्या पेट्शेक या ज्यू उद्योजक घराण्याकडे होतं. नाझी आले, घराणं देशाबाहेर पडलं, हस्तलिखित ब्र्नोच्या मोराव्हियन संग्रहालयात राहिलं. अनेक दशकांनी, २०२२ मध्ये, संग्रहालयाने ते वारसांना परत केलं. इथे मागाने नुसतं कुतूहल भागवलं नाही, हिरावलेली वस्तू परत मिळवून दिली.

म्हणूनच १९३३ ते १९४५ या वर्षांत एखाद्या पानाची साखळी तुटलेली दिसली की जबाबदार ग्रंथालय आज ते घेण्याआधी थांबतं. नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबद्दल १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी तत्त्वं मान्य केली. ती कायद्याने बंधनकारक नाहीत, पण ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय त्यांनी बरीच कमी केली.

‘संगीत तर छापलेलं आहे, खर्डे हवेत कशाला?’

रास्त आक्षेप आहे. पाचवी सिंफनी ऐकायला कुणाला खर्डा लागत नाही. पण बीथोव्हनबद्दल एक समज घट्ट बसला आहे, की त्याला वीज चमकावी तसं सगळं एकदम सुचे. वह्या उलट सांगतात. आज आपल्याला अटळ वाटणारी सुरावट सुरुवातीला बऱ्याचदा सामान्य, जवळजवळ बेचव असते, आणि पानामागून पान घासून ती तशी झालेली असते. हे दिसतं ते पानांचा क्रम शाबूत असेल तरच. मधलं एक पान गायब असलं तर बेचव सुरावटीवरून एकदम तयार सुरावटीवर उडी दिसते, आणि पुन्हा विजेची गोष्ट खरी वाटू लागते.

‘सगळं स्कॅन करून टाका ना’

बरंच झालं आहे. बॉनमधलं बीथोव्हन-हाउस आणि बर्लिनचं ग्रंथालय यांनी आपली हस्तलिखितं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. कुणीही घरबसल्या ती खाडाखोड पाहू शकतं, आणि पाहावीच. पण साध्या स्कॅनमध्ये वॉटरमार्क दिसत नाही. त्यासाठी कागदाच्या मागून उजेड टाकून वेगळं छायाचित्र घ्यावं लागतं. शिवणीची भोकं घडीत लपतात. आणि जे पान कुणाच्या घरी किंवा तिजोरीत आहे, ते स्कॅन करणार कोण?

‘सगळी वाट संग्राहकांनी लावली’

अर्धं खरं. झाउअरसारख्यांनी लावली. पण १८२७ मध्ये या कागदांना हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, ग्रंथालयंही नाहीत. व्यापाऱ्यांनी घेतले नसते तर चुलीत गेले असते. झ्युरिकच्या एच. सी. बोड्मर यांनी आयुष्यभर विखुरलेली पानं आणि वह्या विकत घेतल्या, पेट्टर वहीही त्यातच, आणि १९५६ मध्ये तो सगळा संग्रह बॉनच्या बीथोव्हन-हाउसला मिळाला.

फिलाडेल्फियाजवळच्या पामर धर्मशिक्षण संस्थेची गोष्ट या दोन टोकांच्या मधली. ‘ग्रोसं फुग’ या रचनेचं बीथोव्हनने स्वतः केलेलं चार हातांच्या पियानोसाठीचं रूपांतर १८९० मध्ये बर्लिनच्या एका लिलावात दिसलं आणि मग नाहीसं झालं. घेणारा होता सिनसिनाटीचा कारखानदार आणि स्तोत्ररचनाकार विल्यम हॉवर्ड डोन. त्याच्या मुलीने पुढे वडिलांचा संग्रह या संस्थेला दिला. तिथल्या ग्रंथपालाला २००५ मध्ये तळघरातल्या कपाटात तो ८० पानांचा गठ्ठा मिळाला. त्याच वर्षी लंडनमध्ये तो अकरा लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. घेणाऱ्याने पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संगीतशाळेला देऊन टाकला. एकशे पंधरा वर्षं हरवलेलं हस्तलिखित प्रत्यक्षात हरवलं नव्हतंच. फेरफार तेवढा नोंदला गेला नव्हता.

प्रत्येक खरेदीदार असा नसतो. पुष्कळ पानं नाव न सांगणाऱ्या माणसाकडे जातात आणि पुन्हा एक-दोन पिढ्या दिसत नाहीत. त्यामुळे लिलावाआधीचे जे काही दिवस माल लोकांना पाहायला ठेवलेला असतो, तेवढीच संधी. तेव्हा अभ्यासकाने जाऊन परवानगी काढायची, पट्टीने वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजायचं, पान उजेडासमोर धरून वॉटरमार्कचा कुठला चतुर्थांश आहे ते टिपायचं, भोकं मोजायची आणि यादीची एक प्रत जपून ठेवायची.